धुराड्यासारखा दिसणारा पाण्याचा मनोरा

लंडनच्या पश्चिमेला, थेम्सच्या उत्तर काठावर ब्रेंटफर्ड नावाचा भाग आहे. नदीच्या पलीकडे क्यू गार्डन्स, अलीकडे क्यू ब्रिज रेल्वे स्टेशन, आणि स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर विटांचा सुमारे ६० मीटर उंच मनोरा. पहिल्यांदा बघणारा माणूस त्याला हमखास धुराडं समजतो. लालबाग-परळच्या गिरण्यांची धुराडी बघत मोठ्या झालेल्या माणसाला तर शंकाही येणार नाही. पण या मनोऱ्यातून धूर कधी निघालेलाच नाही. त्याच्या पोटात उभे लोखंडी पाइप आहेत. खालून इंजिन पाणी ढकलायचं, ते या पाइपांतून वर चढायचं आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून शहराकडे जायचं. पाणी एवढं वर न्यायचं आणि लगेच खाली आणायचं, हा उद्योग कशासाठी, ते पुढे सांगतो.

हा मनोरा आणि त्याच्या पायथ्याच्या इमारती म्हणजे ग्रँड जंक्शन वॉटरवर्क्स कंपनीचं जुनं पंपिंग स्टेशन. आज तिथे लंडन म्युझियम ऑफ वॉटर अँड स्टीम आहे. बंद पडलेल्या वॉटर वर्क्सचं संग्रहालय करायचं म्हणजे जुनी यंत्रं पुसायची, पाट्या लावायच्या आणि तिकीट ठेवायचं, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात ते अवघड असतं, कारण वॉटर वर्क्समध्ये बघण्यासारखं मुद्दाम काही ठेवलेलंच नसतं. तिथला माल म्हणजे पाणी, आणि ते तर निघून गेलेलं असतं.

पाणी ढकलावंच का लागलं

आपल्याकडे अशी वाफेची अजस्र पंपिंग स्टेशनं फारशी का दिसत नाहीत, याचं उत्तर भूगोलात आहे. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६० साली मिळालं, ते उतारावरून, पंपाशिवाय. पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आलेलं पाणीही उतारानेच आलं. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की तर उताराने आलेल्या पाण्यावर जातं फिरवायची. सह्याद्री आणि त्याचे फाटे आपल्याला उंची फुकट देतात.

लंडन सपाट. नदी सखल भागातून वाहते, पाणी नदीत आणि गिऱ्हाईक टेकाडावर. विसाव्या शतकापर्यंत लंडनचं पाणी खाजगी कंपन्या विकत होत्या. गिऱ्हाइकाच्या दारात पाणी पोचवायचं तर ते कोणीतरी ढकलायला हवं, आणि शहराला पुरेल इतकं पाणी रात्रंदिवस ढकलायचं बळ त्या काळी वाफेतच होतं.

ग्रँड जंक्शन कंपनी निघाली १८११ मध्ये. नाव पडलं ग्रँड जंक्शन कालव्यावरून, कारण सुरुवातीला पाणी त्या कालव्यातून घ्यायचा बेत होता. कालव्याचं पाणी चांगलं निघालं नाही, म्हणून १८२० मध्ये कंपनी चेल्सीला थेम्सवर गेली. तिथे आगीतून फुफाट्यात. जिथून पाणी उचलायचं त्याच्या जवळच रॅनले नावाचं मोठं गटार नदीत सुटत होतं. १८२७ साली एका पत्रकाराने पुस्तिका काढून हे चव्हाट्यावर आणलं. बोभाटा झाला, चौकशीसाठी शाही आयोग बसला, आणि अखेर १८३८ मध्ये कंपनीने नदीच्या वरच्या अंगाला क्यू ब्रिजजवळ नवं स्टेशन उभारलं. तेच हे ठिकाण.

म्हणजे ही देखणी इमारत कंपनीच्या दूरदृष्टीतून आलेली नाही. ती ओरड झाल्यामुळे आली. संग्रहालयाच्या पाटीवर हे किती ठळक लिहायचं, हा निर्णयही संग्रहालय करतानाच घ्यावा लागतो. माझ्या मते ठळकच लिहावं.

क्यूलाही गोष्ट संपली नाही. थेम्सला भरती-ओहोटी टेडिंग्टनच्या बांधापर्यंत येते. त्याच्या खालच्या अंगाला कुठेही पाणी उचललं तरी शहराची घाण भरतीबरोबर मागे येणारच. कॉलऱ्याच्या साथी येऊन गेल्या होत्या. १८५२ च्या कायद्याने कंपन्यांना बजावलं की १८५५ पासून टेडिंग्टनच्या खालून घरगुती वापराचं पाणी उचलायचं नाही, आणि ते गाळूनच द्यायचं. याच सुमारास डॉक्टर जॉन स्नोने दक्षिण लंडनमधल्या दोन कंपन्यांची गिऱ्हाइकं तपासली. एक कंपनी वरच्या अंगाला सरकली होती, दुसरी खालीच होती. १८५४ च्या साथीत खालच्या कंपनीचं पाणी पिणाऱ्या घरांत कॉलऱ्याने कितीतरी जास्त माणसं गेली. ग्रँड जंक्शनने पाणी उचलायची जागा हॅम्प्टनला नेली. क्यूची इंजिनं तिथून आलेलं पाणी पुढे पश्चिम लंडनकडे रेटत राहिली.

आणखी एक. त्या काळी लंडनच्या बहुतेक घरांत पाणी चोवीस तास नव्हतं, ठरावीक वेळेलाच यायचं. माणसं टाक्या भरून ठेवायची. सकाळी साडेपाचला उठून मोटर लावणाऱ्या मराठी वाचकाला लंडनचं हे चित्र परकं वाटू नये.

वाफ पाणी ढकलत नाही

आता इंजिनाकडे येऊ. हा भाग नीट कळला तर पुढचं सगळं सोपं जातं.

क्यूचं सर्वांत नावाजलेलं इंजिन १८४६ सालचं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे, तिथल्या हेल गावी सँडिस, कार्न अँड व्हिव्हियन या कंपनीच्या कारखान्यात ते बनलं. त्याला नावच '९० इंची' पडलं आहे, कारण सिलिंडरचा व्यास ९० इंच. म्हणजे आतल्या दट्ट्याचं (पिस्टनचं) क्षेत्रफळ ४४ चौरस फूट भरतं, मुंबईतल्या एखाद्या बाथरूमएवढं. हा दट्ट्या ११ फूट खालीवर होतो. एका खेपेला ४७२ गॅलन पाणी पुढे जातं, सुमारे २,१४५ लिटर. गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा दोन टाक्या एका खेपेत आणि वर थोडं शिल्लक. मिनिटाला नऊ-दहा खेपा धरल्या तर दहा हजार लिटरचे दोन टँकर मिनिटभरात रिकामे होतील एवढं पाणी.

इमारतीत वरच्या मजल्यावर एक अवाढव्य लोखंडी तुळई मध्यावर तोललेली असते, बागेतल्या सी-सॉसारखी. एका टोकाला सिलिंडरमधला दट्ट्या, दुसऱ्या टोकाला पंप. यालाच बीम इंजिन म्हणतात. सगळ्यांचा समज असा की वाफ दट्ट्याला ढकलते, तुळई झुकते आणि पंप पाणी ढकलतो. या जातीच्या इंजिनात तसं होत नाही.

कोकणात विहिरीवर पूर्वी लाट असायची. लांब लाकूड, एका टोकाला दोरी आणि पोहरा, दुसऱ्या टोकाला दगड बांधलेला. माणूस दोरी ओढून रिकामा पोहरा खाली न्यायचा, तेव्हा पलीकडचा दगड वर जायचा. मग माणसाने दोरी सैल सोडली की दगड आपल्या वजनाने खाली यायचा आणि भरलेला पोहरा वर. माणसाचं बळ दगड उचलण्यात जायचं. पाणी उचलायचा दगड.

या जातीचं, कॉर्नवॉलवरून नाव पडलेलं कॉर्निश इंजिन म्हणजे हीच लाट, कित्येक टनांची. वाफ दट्ट्याच्या वरच्या बाजूने आत येते आणि त्याला खाली दाबते. त्याच वेळी दट्ट्याखालची जुनी वाफ थंड होऊन तिथे पोकळी झालेली असते, ती त्याला खाली ओढते. दट्ट्या खाली गेला की तुळईचं पलीकडचं टोक वर जातं आणि पंपावरचं प्रचंड वजन उचललं जातं. इथे वाफेचं काम संपलं. मग एक झडप उघडते आणि वरची वाफ दट्ट्याच्या खाली जाते. वर-खाली दाब सारखा झाला की दट्ट्याला कोणी धरत नाही. पंपाकडचं वजन सावकाश खाली बसतं आणि बसता बसता पाणी पाइपात दाबतं. म्हणून या इंजिनाची चाल अशी विचित्र. एक जोरकस हालचाल, मग शांत उसासा, मग क्षणभर काहीच नाही. तो मधला थांबा किती ठेवायचा हे कॅटरॅक्ट नावाचा एक छोटासा भाग ठरवतो. पाण्याची गरज कमी असेल तर थांबा वाढवायचा. एवढं मोठं धूड, आणि त्याची चाल आवरणारी वस्तू माणसाच्या पुढ्यात मावणारी.

अशी रचना कॉर्नवॉलमध्येच का निपजली? तिथे कथिल-तांब्याच्या खोल खाणी होत्या, त्यांत पाणी भरायचं. कोळसा मात्र तिथे निघत नव्हता, तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. महाग कोळशाने माणसं काटकसरी झाली. वाफ थोडीच आत सोडायची, दार बंद करायचं, आणि आत फुगत फुगत तिच्याकडून उरलेलं काम करून घ्यायचं, ही युक्ती त्यांनी टोकाला नेली. १८३८ च्या सुमारास थॉमस विकस्टीड या इंजिनिअरने कॉर्नवॉलचं असं एक इंजिन पूर्व लंडनच्या वॉटर वर्क्ससाठी आणलं. कोळशाचा हिशेब बघून बाकीच्या कंपन्याही वळल्या.

आता मनोऱ्याचं कोडं. आगगाडीच्या इंजिनाला चाक असतं, आणि चाकाला जोडलेला दट्ट्या ठरलेल्या जागेपलीकडे जाऊच शकत नाही. कॉर्निश इंजिनाला असं चाक नाही. दट्ट्या कुठे थांबेल हे झडपांच्या वेळेवर आणि पलीकडच्या पाण्याच्या भारावर अवलंबून. समजा शहरात कुठे पाइप फुटला. पंपापुढचा भार अचानक नाहीसा होतो, टनावारी वजन धाडकन खाली आदळतं आणि इंजिन स्वतःचीच मोडतोड करून घेतं. म्हणून इंजिनाने थेट शहराच्या पाइपात पाणी ढकलायचंच नाही. आधी उंच उभ्या पाइपात चढवायचं. शहरात काहीही होवो, इंजिनाला जाणवणारा भार त्या पाण्याच्या खांबाएवढाच राहतो. हे पाइप उघडे राहिले तर हिवाळ्यात गोठणार, म्हणून १८६७ मध्ये त्यांच्याभोवती इटालियन धाटणीचा हा मनोरा बांधला. ज्याला सगळे धुराडं समजतात ती खरं तर इंजिनाची सुरक्षा-व्यवस्था आहे.

भंगारात न गेलेली गोष्ट

१९०४ पर्यंत लंडनच्या खाजगी पाणी कंपन्या संपून सगळा कारभार मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्डाकडे आला. पुढे डिझेलचे आणि विजेचे पंप आले. १९४४ मध्ये क्यूची वाफेची इंजिनं नियमित कामातून निवृत्त झाली. त्यांतली दोन अडीअडचणीला म्हणून १९५८ पर्यंत तयार ठेवली होती.

निवृत्त इंजिनाचं पुढे काय होतं हे आपल्याला माहीत आहे. भंगारवाला येतो. आणि ही वर्षं महायुद्धाची, लोखंडाला सोन्याचा भाव. तरी वॉटर बोर्डाने ती इंजिनं मोडीत काढली नाहीत. पुढे कधीतरी संग्रहालय करता येईल म्हणून बाजूला ठेवली. एका सरकारी मंडळाच्या फायलीत झालेला हा निर्णय मला या साऱ्या गोष्टीतला कळीचा क्षण वाटतो. कोणी हार घातले नाहीत, उद्घाटन झालं नाही. फक्त एक काम केलं नाही.

त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं विशेष काही घडलं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हौशी माणसांनी क्यू ब्रिज इंजिन्स ट्रस्ट स्थापन केला आणि १९७५ मध्ये संग्रहालय उघडलं. पुढच्याच वर्षी ९० इंची इंजिन पुन्हा वाफेवर हललं.

इथे एक प्रश्न विचारला जातो. इंजिनं एवढी मौल्यवान, तर ती उचलून शहराच्या मध्यावरच्या मोठ्या संग्रहालयात का नेली नाहीत? कारण बीम इंजिन ही इमारतीत ठेवलेली वस्तू नसते. खालचा पाया, मधले ओतीव लोखंडाचे खांब, वरचे मजले, भिंती, हे सगळं मिळून ते इंजिन. इमारत काढली तर हाती तुकडे येतील. अर्थात याला अपवादही क्यूलाच आहे. तिथलं बोल्टन अँड वॉट कंपनीचं इंजिन १८२० मध्ये चेल्सीला बसवलं होतं आणि १८४० मध्ये ते सोडवून क्यूला आणलं. पण त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली, आणि तेव्हा ते इंजिन कमावतं होतं. निवृत्त इंजिनासाठी एवढा खर्च कोण करणार?

म्हणून अशा ठिकाणी संग्रहालय जागेवरच होतं. त्याचे फायदे उघड आहेत. तोटा असा की जागा तुम्ही निवडलेली नसते. प्रेक्षकांना सोयीची आहे का, जिने अरुंद आहेत का, चाकाच्या खुर्चीवरचा माणूस वर तुळईपर्यंत जाऊ शकेल का, याचा विचार १८४६ मध्ये कोणी केलेला नसतो. आणि वारसा म्हणून नोंद झालेली इमारत असेल तर भिंतीला भोक पाडायलाही परवानगी लागते.

चालवायचं की नुसतं ठेवायचं

बंद वॉटर वर्क्सच्या प्रत्येक संग्रहालयात हा वाद होतो, आणि दोन्ही बाजू खऱ्या असतात.

इंजिन चालवलं तर ते झिजतं. झिजलेला भाग बदलावा लागतो. शंभर वर्षं असं केलं तर मूळ इंजिन उरलं किती? आपल्याकडच्या जीर्णोद्धारांवरून ही भीती ओळखीची आहे. गावच्या हेमाडपंती देवळाला भक्तिभावाने ऑइल पेंट फासला जातो, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसतात, आणि सगळे समाधानाने म्हणतात, देऊळ नवं झालं!

चालवलं नाही तर? दट्ट्या गंजून जागच्या जागी धरतो, सांधे आखडतात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे माहिती जाते. कॉर्निश इंजिन सुरू करणं ही हातोटीची गोष्ट आहे. आधी कित्येक तास वाफ देऊन सिलिंडर गरम करायचा. मग ड्रायव्हरने हाताने दांडे ओढून एकेक झडप उघडायची-मिटायची. दट्ट्या टोकाशी पोचायच्या आत झडप मिटली पाहिजे, आणि ती वेळ घड्याळावर नाही, कानावर आणि हाताला लागणाऱ्या धक्क्यावर ठरते. काही खेपा अशा नीट झाल्या की मग तुळईला लटकलेला एक दांडा आपल्या खुंट्यांनी झडपा स्वतःच हलवू लागतो आणि ड्रायव्हरला श्वास घेता येतो. पाठ्यपुस्तकात हे वाचून येत नाही. ज्याला येतं त्याच्याजवळ उभं राहून शिकावं लागतं.

शिवाय बॉयलर. साखर कारखान्याच्या गावात राहिलेल्यांना बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम माहीत असतो, आणि त्याआधी बॉयलर इन्स्पेक्टरची तपासणी होते हेही. दाबाखालची वाफ भरलेलं भांडं ही खेळायची वस्तू नाही. संग्रहालयाच्या बॉयलरलाही तपासणी, दाखला, विमा यांतून सुटका नसते. म्हणून 'चालतं' संग्रहालयही रोज चालत नाही. ठरावीक दिवशी वाफ काढतात, बाकीच्या दिवशी इंजिन उभं असतं आणि कोणीतरी त्याला वंगण घालत असतं.

वेगवेगळ्या ठिकाणांनी वेगवेगळी उत्तरं काढली आहेत. अमेरिकेत बॉस्टनला चेस्टनट हिल इथे १८८७ सालचं दगडी पंपिंग स्टेशन आहे, बाहेरून एखादा किल्ला वाटावा असं. तिथे २०११ मध्ये संग्रहालय सुरू झालं. आतली तीन मजली इंजिनं हलत नाहीत, स्थिर उभी आहेत. याच जुन्या वॉटर वर्क्सच्या आवारातल्या इतर इमारतींत लोकांची घरं झाली. संग्रहालयाशेजारी राहणारी माणसं आहेत, दिवे लागतात, राबता आहे. हलणारं यंत्र नसलं तरी जागा ओस पडत नाही. मला हा मार्ग कमी दर्जाचा वाटत नाही. बॉस्टनच्या पाण्याची जीवशास्त्रीय तपासणी करणारी प्रयोगशाळा १८८९ पासून याच परिसरात होती, आणि ही गोष्ट सांगायला इंजिन हलायची गरजही नाही.

दुसरं उत्तर क्यूपासून फार लांब नाही. केम्प्टनला १९२० च्या दशकात बसवलेली दोन जुळी इंजिनं आहेत, प्रत्येक सुमारे १९ मीटर उंच. एकाचं नाव सर विल्यम प्रेस्कॉट, दुसरीचं लेडी बेसी प्रेस्कॉट. १९८० मध्ये ती थांबली. स्वयंसेवकांनी त्यांतलं एकच, सर विल्यम, पुन्हा वाफेवर आणलं, २००२ साली. लेडी बेसीला वाफेऐवजी छोट्या मोटरवर सावकाश फिरवतात, म्हणजे माणसाला आत चढून तिचे भाग जवळून बघता येतात. एक चालतं, एक समजावतं. जुळी होती म्हणून हे जमलं. सगळ्यांच्या नशिबी जुळी नसतात.

याच्याच पोटात अजून एक प्रश्न लपलेला असतो, आणि तो फार कमी लोक विचारतात: कोणतं साल जपायचं? क्यूचं १८२० चं इंजिन मुळात जुन्या पद्धतीने चालायचं. पुढे कोळसा वाचवण्यासाठी त्यात फेरफार करून ते कॉर्निश पद्धतीवर आणलं. आता त्याला १८२० च्या रूपात न्यायचं का? तसं केलं तर मधल्या काळात ज्यांनी त्याला सुधारलं त्या माणसांचं काम पुसलं जाईल. माझं मत विचाराल तर शेवटच्या दिवशी जसं होतं तसंच ठेवावं, आणि फेरफार बोट ठेवून दाखवावेत. ठिगळंही इतिहासातलीच.

लोकांचं संग्रहालय म्हणजे कोणाचं

अशा संग्रहालयाच्या मागे सहसा सरकार नसतं. एक धर्मादाय ट्रस्ट असतो, मोजके पगारी कर्मचारी आणि बरेच स्वयंसेवक. तिकीट, शाळांच्या सहली, सभागृहाचं भाडं, चित्रीकरणासाठी दिलेली जागा, देणग्या. मोठं काम निघालं की अनुदान. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातला ठरलेला वाटा वारसा जपण्यासाठी जातो. क्यूने त्यातूनच मोठी डागडुजी केली आणि २०१४ मध्ये नवं नाव घेऊन ते पुन्हा उघडलं. आधी नाव होतं क्यू ब्रिज स्टीम म्युझियम. नव्या नावात 'वॉटर' आलं, आणि 'स्टीम'च्या आधी आलं.

हा बदल साधा नाही. पहिल्या पिढीतली माणसं इंजिनांच्या प्रेमाने आली होती. त्यांच्या दृष्टीने पाणी म्हणजे इंजिनाला भार द्यायला लागणारी वस्तू. पण शाळेतल्या पोराला, किंवा ज्या बाईला बीम इंजिन आणि आगगाडी यांत फरक वाटत नाही तिला, पाणी जवळचं. नळात पाणी कुठून येतं, घाण पाणी कुठे जातं, पूर्वी लोक काय करायचे, या प्रश्नांवरून ती दोघं आत येतात आणि मग इंजिनासमोर तोंड उघडं टाकून उभी राहतात. म्हणून नव्या रचनेत लंडनच्या पाण्याचा इतिहास सांगणारं दालन आलं, मुलांना पाण्यात खेळायला अंगणही झालं. जुन्या जाणत्यांना असली 'जत्रा' खटकते, आणि त्यांची कुरकुर अगदीच चुकीची नसते. पण पोरं आली नाहीत तर वीस वर्षांनी झडपेचा दांडा कोणाच्या हाती द्यायचा?

कारण स्वयंसेवकांचं वय हा या संग्रहालयांचा खरा घोर आहे. वाफेवर नोकरी केलेली पिढी जवळपास संपली. तिच्याकडून शिकलेली पिढीही निवृत्तीच्या वयाला आली. क्यूमध्ये बाहेरून आणून ठेवलेली इंजिनंही आहेत. त्यांतलं १९१० सालचं वॅडनचं इंजिन क्रॉयडनजवळ १९८० च्या दशकापर्यंत खरोखर पाणीपुरवठ्याचं काम करत होतं. म्हणजे ब्रिटनमध्ये वाफेवरच्या पाणीपुरवठ्याची शेवटची माणसं फार जुनी नाहीत. ज्यांनी त्यांना वेळेत बोलतं केलं त्यांच्याकडे आज माहिती आहे.

बोलतं करायला हवं ते ड्रायव्हरलाच नाही, बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या फायरमनलाही. इंजिनघरात चकचकीत पितळ आणि नक्षीदार खांब असायचे, बॉयलरघरात धग, कोळशाची धूळ आणि फावडं. संग्रहालय पितळेला पॉलिश करतं, कारण ते फोटोत छान येतं. कोळसा ओढणाऱ्या माणसाचा फोटो बहुधा कोणी काढलेलाच नसतो. त्याची गोष्ट सांगायची तर हजेरीपट, पगाराच्या वह्या, अपघातांच्या नोंदी लागतात. आणि कोणतंही जुनं केंद्र बंद झालं की सगळ्यात आधी नाहीसे होतात ते हे कागद. यंत्राला निदान वजन असतं, चोराला ते उचलायला क्रेन लागते. वह्या एका दुपारी रद्दीत जातात. महाराष्ट्रात एखाद्या गावातलं, गिरणीतलं किंवा संस्थानी काळातलं जुनं पंपघर वाचवायची कोणाला हौस असेल तर सुरुवात रंगरंगोटीने करू नये. आधी नकाशे आणि लॉगबुकं कोणाच्या कपाटात आहेत ते शोधावं, मग तिथे काम केलेल्या माणसाच्या घरी जाऊन बसावं. छप्पर गळत असेल तर ते शाकारून घ्यावं. इंजिन दोन वर्षं थांबू शकतं.

क्यूला ९० इंचीच्या शेजारी, त्याच इमारतीत, आणखी मोठं इंजिन उभं आहे. १८६९ सालचं, १०० इंच व्यासाचं, एका खेपेला ७१७ गॅलन ढकलणारं. तेही हेल गावातूनच आलं, पण हार्वे कंपनीकडून, म्हणजे ९० इंचीच्या कारखानदारांच्या प्रतिस्पर्ध्याकडून. १९५८ मध्ये क्यूला वाफेवर शेवटचं पाणी उपसलं गेलं, तेव्हा चालवून दाखवायला निवडलं ते हेच इंजिन. त्यानंतर त्याला वाफ मिळालेली नाही. १९७६ मध्ये लहान भाऊ हलला, हे तसंच राहिलं. त्याचा दट्ट्या सोडवायचा, सांधे उघडायचे, बॉयलरला तेवढी वाफ पुरवायला लावायची, तर पैसा आणि माणसं दोन्ही आज आहेत त्याहून बरीच जास्त लागतील. तोवर त्याच्या तुळईखालून प्रेक्षक जातात-येतात, आणि स्वयंसेवक त्याच्यावरची धूळ पुसतात.